मिनिसॉम वर्षभर वापरलं: नकाशा शिकतो झकास, पण नवीन सॅम्पल टाकताना जपून

तीन आठवडे आमच्या लॅबचं सॉसचं रोजचं सॅम्पल कॉम्प्युटरवरच्या नकाशात एकाच घरात, म्हणजे एकाच चौकोनात, पडत होतं आणि सर जाम खूश होते. "बघ, प्रोसेस कशी सेट झालीये, ठिपका जागचा हलत नाही." मीपण खूश, कारण नकाशा मी बनवलेला. मग एका दुपारी आमच्या ट्रेनी पोराने रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) तपासायला केलेल्या साखरपाण्याचे आकडे गंमत म्हणून टाकले, ब्रिक्स म्हणजे साखरेचा आकडा तेवढा खरा आणि बाकी सगळ्या रकान्यांत शून्य, आणि तेही बरोब्बर त्याच घरात जाऊन बसलं. "मॅडम, साखरपाणी आणि सॉस सेमच दाखवतंय हे." माझ्या पोटात गोळाच आला.

तर हा रिव्ह्यू मिनिसॉम नावाच्या पायथन लायब्ररीचा आहे, पण खरं सांगायचं तर तिच्या एकाच कामाचा, म्हणजे नकाशा शिकून तयार झाला की त्यातून नवीन डेटा कसा काढायचा. शिकवण्याबद्दल ढीगभर व्हिडिओ पडलेत, सगळे रंगीत चित्र दाखवून संपतात, पुढे उद्या सकाळी नवीन सॅम्पल आलं की काय करायचं हे कोणी धड सांगत नाही. मी टोमॅटो सॉसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, केमिस्ट्रीवाली, कोडिंग पोटापुरतं येतं. त्यामुळे कॉम्प्युटरवाल्यांनी चुका काढल्या तर चालेल, ऐकून घेईन.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. सेल्फ ऑर्गनायझिंग मॅप ही फिनलंडच्या टेउवो कोहोनेन यांची कल्पना, १९८२ ची. बुद्धिबळाचा पट डोळ्यासमोर आणा, ८ बाय ८, ६४ घरं. प्रत्येक घराकडे आकड्यांची एक यादी असते, तुमच्या सॅम्पलला जितके रकाने तितकेच आकडे. एक सॅम्पल आलं की सगळी घरं आपापली यादी त्याच्याशी ताडून बघतात, ज्याची यादी सगळ्यात जवळची ते घर जिंकतं, आणि ते घर नि त्याचे शेजारी असे सगळे त्या सॅम्पलच्या दिशेने थोडे सरकतात. हे हजारो वेळा झालं की सारखी सॅम्पलं पटावर शेजारी शेजारी येतात, आणि हे सगळं कोणाला काही लेबल न देता. कोहोनेन यांच्या ग्रुपने वर्ल्ड बँकेच्या १९९२ च्या आकड्यांवरून, राहणीमानाचे ३९ रकाने घेऊन, जगातल्या देशांचा असा नकाशा केला होता, तो बघितला की एका मिनिटात डोक्यात बसतं.

मिनिसॉम ज्युसेप्पे वेत्तिग्ली या माणसाने लिहिलंय, २०१३ पासून आहे, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे छोटं आहे. नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) एवढंच लागतं, बाकी काही नाही. ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे एक्सेल उघडायला पण चहा होतो, तिथे हे सुरळीत चाललं. कोड एकाच फाईलमध्ये आहे आणि माझ्यासारखीला पण वाचून समजतो, याला मी वेगळा अर्धा स्टार देईन. सायकिट लर्न या पायथनच्या प्रसिद्ध मशीन लर्निंग लायब्ररीत असा नकाशा नाहीच, त्यामुळे पायथनवाले बरेच जण इथेच येतात.

कंपनीचे आकडे दाखवता येणार नाहीत, म्हणून घरी हेच सगळं इटालियन वाईनच्या प्रसिद्ध डेटावर परत करून बघितलं. १७८ सॅम्पलं, १३ रासायनिक मोजमापं, तीन जाती: बारोलो ५९, ग्रिन्योलिनो ७१, बार्बेरा ४८. (वाईन मी पीत नाही, पण तिचे फ्लॅवनॉइड आता तोंडपाठ आहेत.) १४० सॅम्पलांवर नकाशा शिकवला, ३८ बाजूला ठेवली, ती आपली 'नवीन'. घरं किती घ्यायची याचा जुना ठोकताळा म्हणजे सॅम्पलांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले ५, १४० ला ते साधारण ५९ येतं, म्हणून ८ बाय ८. शिकवताना एक लक्षात ठेवा, इथे साधारणपणे एक इटरेशन म्हणजे एकच सॅम्पल दाखवणं. मी पहिल्यांदा १०० टाकलं आणि म्हटलं झालं की, अहो १४० सॅम्पलांची एक फेरीसुद्धा पूर्ण होत नाही त्यात. काही हजार तरी द्या, सेकंदांत होतं.

आता मुद्दा. नवीन सॅम्पल टाकणं म्हणजे शिकणं नव्हे. विनर नावाचं फंक्शन आहे, त्याला एक ओळ दिली की ते ६४ अंतरं मोजतं आणि जिंकलेल्या घराचा पत्ता देतं, तिसरी आडवी पाचवी उभी असा. नकाशा तसूभर हलत नाही. वापरायला इतकं सोपं की आपण बेसावध होतो, आणि माझं तेच झालं.

वाईनमध्ये प्रोलीन (एक अमिनो आम्ल) २७८ पासून १६८० पर्यंत जातं आणि ह्यू म्हणजे रंगछटेचा आकडा ०.४८ ते १.७१. असं कच्चंच टाकलं तर अंतर म्हणजे फक्त प्रोलीनचं अंतर, बाकी बारा रकाने नुसते शोभेला. म्हणून सगळे रकाने एका मापात आणायचे, प्रत्येकातून सरासरी वजा करायची आणि स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण नवीन सॅम्पल आल्यावर कुठली सरासरी? शिकवतानाची जुनी! मी काय केलं होतं, तर शिकवतानाची कोडची ओळ उचलून रोजच्या स्क्रिप्टमध्ये तशीच चिकटवली होती, फिट करून ट्रान्सफॉर्म करणारी, म्हणजे आधी सरासरी काढून मग ती वजा करणारी. म्हणजे स्केलर, हे मापात आणायचं काम करणारं सायकिट लर्नचं साधन, रोज नवीन सॅम्पलवरच नव्याने बसत होता. आणि सॅम्पल रोज एकच. एका ओळीची सरासरी म्हणजे ती ओळच, ओळीतून ओळ वजा केली की उरतात शून्यं. रोज शून्यं. सॉस टाका, साखरपाणी टाका, उसाचा रस टाका, नकाशाला दिसतात तीच शून्यं आणि तो इमानदारीत तेच एक घर सांगतो. तीन आठवडे आम्ही शून्याचा पत्ता बघून टाळ्या वाजवत होतो!

एरर काही येत नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. यात लायब्ररीला दोष देणार नाही, तिला स्केलिंग माहीतच नाही, ती फक्त आकडे घेते. चूक माझी शंभर टक्के.

घरी मग याची दुसरी बाजू पण करून बघितली. बाजूला ठेवलेल्यातली फक्त बारोलो घेतली आणि त्यांचा त्यांचाच स्केलर बसवला. खरं तर बारोलोत प्रोलीन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त, पटाच्या एका बाजूला त्यांची वस्ती असायला हवी, पण स्वतःच्याच सरासरीतून वजा केल्यावर त्यांचं बारोलोपणच निघून गेलं आणि ती पटभर विखुरली, काही थेट बार्बेराच्या मोहल्ल्यात. जुना स्केलर लावल्याबरोबर बहुतेक सगळी गुपचूप घरी परत. हा प्रयोग एकदा तरी करा, पाच मिनिटं लागतात आणि परत आयुष्यात ती चूक होत नाही.

दुसरा घोळ रिकाम्या रकान्यांचा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड गेला की आमच्याकडे तो रकाना त्या दिवशी कोरा राहतो. स्केलर कोरा आकडा तसाच पुढे सरकवतो, ओरडत नाही. आणि मी वापरलेल्या व्हर्जनमध्ये पुढे गंमत अशी की एक आकडा कोरा असला की चौसष्टच्या चौसष्ट अंतरं कोरी येतात, आणि सगळंच कोरं असताना सगळ्यात लहान कोणतं असं नमपायला विचारलं तर तो पहिलं उचलून देतो. म्हणजे शून्य शून्य, अगदी कोपऱ्यातलं घर. कोपऱ्यात अचानक गर्दी दिसली की मला आता लगेच कळतं, मीटर गेलाय. नव्वदच्या दशकात कोहोनेन यांच्याच लॅबमधून सॉमपॅक म्हणून सी भाषेतलं पॅकेज आलं होतं, त्यात कोऱ्या जागी एक्स लिहिलं की ते तेवढा रकाना सोडून अंतर मोजायचं. जुन्यांनी सोय केली होती, इथे ती आपली आपण करावी लागते. मी चार ओळींचं फंक्शन लिहिलंय, भरलेले रकाने तेवढेच मोजणारं, पण तीनपेक्षा जास्त कोरे असले तर सरळ सॅम्पल परत पाठवते.

रकान्यांच्या क्रमाबद्दल थोडंच. लायब्ररी फक्त संख्या मोजते, १३ पाहिजेत आणि १२ दिलेत तर लगेच एरर देते, पण १३ पाहिजेत आणि १३ च दिलेत, फक्त मीठ आणि आम्लतेची जागा बदललीये, तर तिला काय कळणार? एक्सेल शीटमध्ये कोणीतरी मधे एक कॉलम सरकवतंच. उपाय सोपा आहे, स्केलर शिकवताना आणि नवीन सॅम्पल टाकताना, दोन्ही वेळा त्याला नावांसकट पांडाजची (पायथनमधली टेबलांची लायब्ररी) टेबल द्या, नुसते आकडे नको, मग क्रम चुकला की सायकिट लर्नचा स्केलरच अडवतो. लायब्ररीच्या दाराबाहेर बसवलेला वॉचमन म्हणा.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. हा नकाशा कधीच नाही म्हणत नाही. काहीही टाका, कुठलं ना कुठलं घर जिंकणारच, कारण कोणीतरी सगळ्यात जवळचं असतंच, भले ते जवळ म्हणजे पुणे ते दिल्ली असो. घरी मी उसाच्या रसाचे म्हणून मनानेच १३ आकडे ठोकले आणि योग्य स्केलर लावून टाकले. त्याने एकदम शांतपणे एक घर दिलं. लग्नात जसं कोणीही येऊन पंगतीला बसलं तरी वाढपी वाढतोच, वराकडचा का वधूकडचा असं विचारत नाही, तसं.

म्हणून नुसता पत्ता घेऊ नका, अंतर पण घ्या. मिनिसॉममध्ये क्वांटायझेशन नावाचं फंक्शन आहे, ते प्रत्येक सॅम्पलला जिंकलेल्या घराची आकड्यांची यादी परत देतं, ती सॅम्पलमधून वजा करून लांबी काढली की झालं अंतर. लायब्ररीबरोबरच्या उदाहरणांत वेगळं पडलेलं सॅम्पल ओळखायला हीच पद्धत दाखवलीये, त्याबद्दल त्यांना मार्क. मग हद्द ठरवायची. मी आधी शिकवलेल्या १४० सॅम्पलांची अंतरं घेऊन ९९ टक्के ज्याच्या आत येतात तो आकडा हद्द म्हणून घेतला, पण हिशेब करा, १४० चा एक टक्का म्हणजे सव्वा-दीड सॅम्पल, म्हणजे ती हद्द एकदोन विचित्र सॅम्पलांच्या भरवशावर उभी. ९५ घेतली तर निदान सात सॅम्पलं पलीकडे असतात. शिवाय ज्यांच्यावर नकाशा शिकला त्यांची अंतरं जरा लहानच येणार, घरं त्यांच्याकडेच सरकून बसलीयेत ना. म्हणून हद्द बाजूला ठेवलेल्या सॅम्पलांवरून ठरवलेली बरी, पण तेवढी सॅम्पलं हाताशी असायला पाहिजेत. आमच्याकडे होती. तुमच्याकडे नसतील तर हद्द जरा सैल ठेवा आणि वर्षाने परत बघा.

उसाचा रस अर्थातच हद्दीच्या कितीतरी बाहेर निघाला.

लेबल चिकटवायचं असेल, म्हणजे हे नवीन सॅम्पल बारोलो का बार्बेरा, तर लेबल्स मॅप नावाचं फंक्शन आहे, कोणत्या घरात कोणत्या जातीची किती सॅम्पलं पडली याची मोजणी देतं, आपण बहुमत घ्यायचं. पण ६४ घरं आणि १४० सॅम्पलं, म्हणजे घरटी दोन-सव्वादोन, त्यात काही घरं रिकामी राहणारच. नवीन सॅम्पल नेमकं रिकाम्या घरात पडलं तर? तिथे मोजणीच्या जागी नुसती रिकामी लिस्ट हातात येते आणि पुढची बहुमताची ओळ फुटते. आधी ते घर यादीत आहे का हे विचारून घ्या, नसेल तर शेजारच्या घरांचं मत घ्या. रिकामं घर हे बहुतेक वेळा दोन वस्त्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात असतं, त्यामुळे तिथे पडलेल्या सॅम्पलकडे मी तरी लेबल न लावता आधी डोळ्यांनी बघते.

एक चूक माझ्या हातून व्हायची वाचली, म्हणजे ट्रेनी पोराने विचारलं म्हणून. "मॅडम, महिन्याचा नवीन डेटा परत ट्रेनला दिला की अपडेट होईल ना नकाशा?" होईल, पण ट्रेन परत बोलावलं की शिकण्याचा वेग पहिल्यापासून सुरू होतो, मुळातला वेग ०.५, म्हणजे जिंकलेलं घर सरळ अर्ध्या अंतराने नवीन सॅम्पलकडे उडी मारतं. महिन्याभराच्या तीस सॅम्पलांसाठी वर्षाचा नकाशा विस्कटून जाईल. आणि सगळा डेटा घेऊन कोऱ्यापासून परत शिकवला तर चालतं, पण मग जुने पत्ते विसरा, तोच नकाशा आरशात बघितल्यासारखा उलटा किंवा फिरलेला येऊ शकतो. आमच्या रजिस्टरमध्ये 'घर ३-५ म्हणजे पातळ माल' असं लिहिलेलं होतं, ते नवीन नकाशात कुठे गेलं असतं देव जाणे. रँडम सीड (तोच आकडा दिला की शिकवणं परत तसंच होतं) ठेवा, आणि नकाशा बदलला की रजिस्टरचं नवीन पान.

सेव्ह करायला पिकल (पायथनमधली गोष्ट जशीच्या तशी फाईलमध्ये ठेवायची सोय) वापरायला सांगितलंय आणि ते चालतं. मी नकाशा, स्केलर, रकान्यांची नावं आणि हद्द असं सगळं एकाच फाईलमध्ये बांधून ठेवते, वेगवेगळं ठेवलं की ताटातूट होणारच. पण एका लॅपटॉपवर नवीन नमपाय आणि दुसऱ्यावर जुनं असलं की पिकल उघडायला कुरकुर होते, माझी झाली. तेव्हा लक्षात आलं की अख्खा शिकलेला नकाशा म्हणजे आहे काय, ६४ गुणिले १३, ८३२ आकडे, सहा-साडेसहा केबी. साध्या टेक्स्ट फाईलमध्येसुद्धा ठेवता येतो, आणि सगळ्यात जवळचं घर शोधायला नमपायच्या दोन ओळी पुरतात. आता लाईनवरच्या कॉम्प्युटरवर आम्ही तेच करतो, तिथे मिनिसॉम टाकलेलंच नाही. लायब्ररीची याहून मोठी तारीफ काय करू, की तिने तयार केलेली गोष्ट तिच्याशिवाय पण चालते.

तुलनेसाठी आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं कोहोनेन नावाचं पॅकेज पण वापरून बघितलं, रॉन वेहरेन्स वगैरे मंडळींचं. योगायोग म्हणजे त्यातही हाच वाईनचा डेटा येतो, फक्त १७८ च्या जागी १७७ सॅम्पलं. नवीन डेटाच्या बाबतीत ते जास्त पोक्त आहे. मॅप म्हणून वेगळं फंक्शन, ते घर आणि अंतर दोन्ही एकदम देतं, प्रेडिक्ट वेगळं, कोरे आकडे किती चालवून घ्यायचे ते आपण सांगायचं. आणि हेल्प पानावरच्या उदाहरणातच टेस्टच्या सॅम्पलांना शिकवतानाची सरासरी लावून दाखवलीये. हे पान मी आधी वाचलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. पण आमच्या कारखान्यात आर कोणाला येत नाही, मी सोडून गेले तर ती स्क्रिप्ट कोण सांभाळणार, म्हणून मिनिसॉमच ठेवलं. तुम्ही कॉलेजात असाल, थिसिस करत असाल, आर येत असेल, तर डोळे झाकून तिकडे जा.

चित्र काढायचं काम मिनिसॉममध्ये बरंचसं आपल्यावरच आहे, षटकोनी घरं हवी असतील तर अजून खटपट. एक टीप, एका घरात पाच ठिपके पडले तर एकावर एक बसून एकच दिसतो, म्हणून प्रत्येकाला घरातल्या घरात थोडं इकडेतिकडे हलवून काढा.

स्टार म्हणाल तर ५ पैकी ४. शिकवायला पाचच्या पाच, नवीन डेटा काढायला तीन, सरासरी तुम्हीच काढा, आणि कुठल्या डेटावर काढताय ते आधी बघा.

ती तीन आठवड्यांची सॅम्पलं मी नंतर योग्य स्केलरने परत टाकली. बहुतेक सगळी नेहमीच्या पाच-सहा घरांत फिरत होती, म्हणजे प्रोसेस तशी ठीकच होती. दोन दिवसांची मात्र हद्दीबाहेर निघाली, एकमेकांच्या शेजारच्या घरांत. स्टोअरचं रजिस्टर काढून बघितलं तर त्या दोन्ही दिवशी पेस्टचे ड्रम वेगळ्या लॉटचे होते. माल केव्हाच गेलाय, तक्रार कुठून आली नाही. सरांना सोमवारी सांगणार आहे.